माजरीवाल्या भाऊंचे धुरे

डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, अशा थाटात धानाचा रोवणा करणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. पहिल्याच भेटीत मी विचारलं, हेल्मेट कशासाठी? वर मोकळं आभाळ, आजूबाजूला वीतभर रोपं, डोक्यावर पडून पडून पडणार काय? त्यांनी हेल्मेटवर टिचकी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "सवय आहे, साहेब. डोक्यावर काई नसलं का मले उघडं-उघडं वाटते."

मी तेव्हा चामोर्शी तालुक्यात कृषी सहाय्यक म्हणून नवा होतो. मूळचा साताऱ्याकडचा, त्यामुळे तोंड उघडलं की परकाच वाटत असे. ते तीस वर्षं माजरीकडच्या कोळशाच्या खाणीत काम करून निवृत्त झालेले. खाणीत छताला टेकू लावणारी टोळी असते, तिच्यात ते होते. जन्म याच गावचा, पण गावात त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. वडील उभा जन्म दुसऱ्यांकडे सालगडी होते. निवृत्त झाल्यावर यांनी काय करावं, तर चंद्रपूरला राहायला गेलेल्या एका मालकाची दोन एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, ठेक्याने घेतली आणि थेट चिखलात उतरले.

गाव त्यांना 'माजरीवाले भाऊ' म्हणे, आणि हे त्यांना मुळीच आवडत नसे. "मी आता शेतकरी आहो ना जी," असं ते ज्याला त्याला सांगत. ऐकणारा "हाव, हाव" म्हणून मान डोलावी आणि दुसऱ्याच वाक्यात "पाहा ना माजरीवाले भाऊ," असं सुरू करी. या गावाने आपल्याला या मातीचा माणूस म्हणावं, एवढी एकच इच्छा घेऊन तो गृहस्थ परत आला होता. बाकी पेन्शन वेळेवर येत होती, मुली आपापल्या घरी सुखात होत्या.

मातीचं व्हायचं म्हटलं तरी खाण काही अंगातून जाईना. त्यांच्या शेतात पाळ्या चालत. सकाळी सातला पहिली पाळी, शिट्टी लांब. दुपारी दोनला दुसरी, शिट्टी दोनदा. मी चेष्टेने विचारलं, "आणि तिसरी?" त्यांनी जंगलाच्या बाजूला बोट दाखवलं. "तिसरी वाघाची. त्या पाळीले आपण हाजर नाई राहाचं." यात चेष्टा किती आणि खरं किती, हे त्या भागात राहिल्याशिवाय कळत नाही. दिवस कलल्यावर तिकडे कोणी शेतात थांबत नाही.

शिट्टीला रोवण्याला येणाऱ्या बायका मात्र भीक घालत नसत. शेजारच्या बांधीच्या मालकीणबाई पारबताबाई म्हणजे तर तिखट जिभेचं माहेरघर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेत एकटीने करीत आणि सुनेला शिकवीत. शिट्टी वाजली की त्या हातातली पेंढी खाली न ठेवता म्हणत, "शिट्टीनं गाई जमा होते, भाऊ. बायका चहानं होते." भाऊ दुसऱ्या दिवशी चहाची किटली घेऊन आले. शिट्टी तरीही वाजवलीच.

माझी भाषाही त्यांनीच दुरुस्त केली. मी पहिल्याच सभेत "यंदा भाताची लागवड" वगैरे बोललो, तेव्हा ते हात वर करून उभे राहिले. "साहेब, भात ताटात असते. बांधीत धान असते. तुमी ताटातून सुरू करून राह्यले." सभा पोट धरून हसली. माझ्या तोंडून 'बांध' आला की त्यांना 'बांधी' ऐकू येई, आणि त्यांनी शेताबद्दल काही सांगितलं की मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावत असे. असं आमचं दोघांचं मराठीतून मराठीत भाषांतर चाले. त्यातूनच पुढचा घोटाळा झाला.

वरून आदेश आला होता, गटशेती करा. बोडीभोवतीची, म्हणजे त्या छोट्या तळ्याभोवतीची, लागून असलेली अकरा शेतं एकत्र घ्यायची, एकाच जातीचं सुवासिक धान लावायचं, आणि सगळा माल एका गिरणीला एकगठ्ठा द्यायचा. गिरणीवाल्याची अट साधी होती: सगळं एकसारखं हवं आणि वेळेवर हवं. एक शेत जरी गळालं तर सौदा नाही. मी उत्साहाने गावात जाऊन सांगितलं, "मंडळी, आपल्याला गट करायचा आहे." कोणी हललं नाही. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "अजून एक? दोन तं आहेतच जी." निवडणुकीपासून गावात दोन गट होते आणि ते एकमेकांच्या लग्नालाही जात नसत.

अध्यक्ष कोण, यावर तीन बैठका वाया गेल्या. या गटाचा माणूस त्या गटाला चालेना. चौथ्या बैठकीत पारबताबाई कंटाळून म्हणाल्या, "माजरीवाल्या भाऊले करा. ते कोणत्याच गटात नाई. ते तर गावात बी नोहते." अशा रीतीने, गावचं नसणं हीच पात्रता ठरून, भाऊ अध्यक्ष झाले. सातबारा नसलेला माणूस अध्यक्ष कसा, म्हणून कार्यालयात माझी मान धरली गेली. मालकाचं संमतिपत्र जोडून मी कसंबसं ते प्रकरण बसवलं. आणि मग, सगळं रीतसर व्हावं म्हणून, घरी बसून एक सुंदर पत्र लिहिलं. पत्रं सुंदर लिहिण्याची मला वाईट खोड आहे.

त्यात मी लिहिलं होतं: 'शेतकरी गटाची धुरा आपणाकडे सोपवण्यात येत आहे.'

पत्र गावात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पारबताबाई आठ-दहा बायका घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रोवण्याचे दिवस, त्यात बायका काम सोडून आल्या म्हणजे काहीतरी मोठंच असणार, हे मला कळलं.

"आमचा धुरा त्या बुवाले काऊन देल्ला?" पारबताबाईंनी विचारलं.

"तुमचीच धुरा आहे ती," मी समजावू लागलो. "सगळ्यांची मिळून त्यांच्याकडे दिली."

"सगळ्यांची? एकाचा बी नाई सोडला?"

मी हसून म्हटलं, "अहो बाई, कोणीतरी एकाने सांभाळायला नको का?"

"आमी काऊन नाई सांभाळत? सासू सांभाळत होती, तिची सासू सांभाळत होती. त्याच्यावरची तूर आमची असते. घरच्या माणसाले बी आमी हात लावू देत नाई."

तूर कुठून आली, ते मला कळेना. बऱ्याच वेळाने, त्यांच्या सुनेने जमिनीवर काडीने दोन शेतं काढून मधल्या रेघेवर बोट ठेवलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ज्याला बांध म्हणतो, त्याला ते लोक धुरा म्हणतात. धान बांधीत, ते घराचं. धुऱ्यावर तूर, ती बायकांची. त्यातून सणासुदीला बांगड्या, लेकीला लुगडं, आणि नवऱ्याला न सांगता करायच्या सगळ्या गोष्टी. मी स्त्रीलिंगी धुरा सोपवली होती. गावाने पुल्लिंगी धुरा सोपवला असं वाचलं होतं, तोही एक नाही, अकरा शेतांचे सगळे.

मी दुरुस्तीचं पत्र लिहायला बसलो. पण त्याआधीच भाऊंनी बायकांना गाठलं होतं. "तूर तुमचीच राहीन, बाई," त्यांनी सांगितलं. "मी फक्त धुरा पाहीन. फुटला का बुजवीन." बायका कुरकुरत का होईना परत गेल्या. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, कागद आता फिरवू नका. गावात कागद फिरला का माणसाची इज्जत बी फिरते." मी विचार केला, एका शब्दाने कोणाचं काय बिघडतं? आणि खरं सांगायचं तर आपली चूक लेखी कबूल करायची वेळ टळली, याचा मला आनंदच झाला. पत्र त्यांनी चामोर्शीच्या बाजाराला जाऊन लॅमिनेट करून आणलं.

त्या दिवसापासून माणसाला नवी पाळी मिळाली. रोज सकाळी काठी घेऊन ते सगळे धुरे फिरत. दर दोन पावलांवर काठी आपटायची, कान वाकडा करायचा, पुढे जायचं. मला वाटलं, झालं, उन्हाने डोकं फिरलं. विचारलं तर म्हणाले, "खाणीत छत असंच ठोकून पाहतो आमी. भरीव असलं तं टणक आवाज येते. पोकळ असलं तं बोदा येते. मंग टेकू लावाचा." धुऱ्याच्या पोटात खेकडे बिळं करतात आणि त्यातून रातोरात पाणी वाहून जातं. बोदा आवाज आला की ते तिथेच बसत, हात घालून बीळ शोधत, चिखलाने गच्च बुजवत आणि वर दोन लाथा मारत. त्या वर्षी पावसाने मध्ये चांगली ओढ दिली, पण बोडीखालच्या एकाही बांधीतलं पाणी हललं नाही.

दुसरा फायदा मी स्वप्नातही धरला नव्हता. दरवर्षी जो तो शेजाऱ्याच्या बाजूने धुरा थोडाथोडा कोरत असे. फावड्याचे दोन घाव इकडून, चार तिकडून, आणि त्यावरून डोकी फुटत. आता धुरा शेजाऱ्याचा नाहीच, माजरीवाल्या भाऊंचा, सरकारी कागदाने. कोरायचा कोणाचा? एकाने सवयीने फावडं मारलं, तर भाऊंनी शिट्टी वाजवून सगळं गाव गोळा केलं आणि त्याला लॅमिनेट केलेला कागद मोठ्याने वाचून दाखवला. कृषी खात्याच्या कोणत्याच योजनेने मिटली नसती अशी भांडणं व्याकरणाच्या एका चुकीने मिटली, आणि मी वरिष्ठांना याचा अहवाल कसा लिहावा या विवंचनेत पडलो.

धान पिवळं झालं आणि गिरणीचा माणूस पाहणीला आला. मूठभर लोंब्या चोळल्या, वास घेतला, खूश झाला. म्हणाला, मजुरांनी कापत बसलात तर महिना जाईल, मी मशीन पाठवतो. फक्त मशीन या शेतातून त्या शेतात जायला मधले धुरे फोडावे लागतील. पंधरा दिवसांत सगळा माल एकदम मिळाला तर घेतो, नाहीतर माझी गाडी दुसऱ्या गावाला जाईल.

ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात सभा भरली. पुरुष लगेच कबूल झाले. धुऱ्यावर तूर फुलावर आली होती, तिच्याकडे पाहून बायका गप्प बसल्या. सौदा मोडा असं त्यांना आपल्या तोंडाने म्हणवेना. तेवढ्यात भाऊ उठले, कागद काढला आणि म्हणाले, "धुरे फुटणार नाई. ते माह्याकडे आहेत."

गिरणीच्या माणसाने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत कागद वाचला. अकरा घरांची वर्षाची मेहनत, दोन गटांना एका सतरंजीवर बसवण्याची माझी सगळी धडपड, माझ्याच एका गोंडस वाक्यापायी पाण्यात जाणार होती. मी भाऊंना पंचायतीच्या मागे घेऊन गेलो आणि आता सांगून टाकायचंच असं ठरवलं.

"भाऊ, त्या पत्रातली धुरा म्हणजे तुमचा धुरा नव्हे. आमच्याकडे धुरा म्हणजे जबाबदारी. पुढारीपण. माझी चूक झाली."

"मले माहीत आहे, साहेब."

"काय माहीत आहे?"

"तीस वर्षं क्यांटीनमधी पेपर वाचला मी. इलेक्शन झालं का पहिल्या पानावर तेच राहते. याच्याकडे धुरा, त्याच्याकडे धुरा. तो धुरा नोहे, ती धुरा." त्यांनी हेल्मेट नीट केलं. "पहिल्या दिवशीच समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बोडीखालच्या शेतांकडे हात केला. "या सगळ्या धुऱ्यांवर माह्या बापाची माती आहे, साहेब. उन्हाळ्यात बांधे, पावसात लिपे. पण मरेपर्यंत एका बी धुऱ्यावर, बाबू, तुरीचं एक झाड तुह्यासाठी लाव, असं त्याले कोणी म्हटलं नाई. मंग तुमचा कागद आला. मले वाटलं, चार महिने राहू द्या आपल्या नावानं."

इतके दिवस मी या माणसाची गंमत घरी पत्नीला फोनवर रंगवून सांगत होतो, त्याची फार लाज वाटली.

"पण आता गावाचं नुकसान होते," ते म्हणाले, आणि मी काही म्हणायच्या आत सभेत परत गेले. सर्वांसमोर त्यांनी हेल्मेट काढलं. आतलं टक्कल गावाने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. "कागदातला शब्द दुसरा आहे," त्यांनी सांगितलं. "धुरे माहे नाईत. कधीच नोहते. मले माहीत होतं आन् मी चूप राह्यलो. तुमचे तुमी ठरवा, फोडाचे का ठेवाचे."

मी मान खाली घातली. आता सगळे खवळणार, याबद्दल मला शंका नव्हती.

"आमाले काय समजत नाई का?" पारबताबाईंचा आवाज आला. "माह्या सुनेनं तवाच सांगतलं होतं, त्या शब्दाचा अर्थ अलग आहे म्हणून."

"आमच्या घरी बी माहीत होतं," मागून एक जण म्हणाला. दुसऱ्या गटातल्या एकाने मान डोलावली. मग आणखी एकाने. मी व्हरांडाभर नजर फिरवली, तेव्हा लक्षात आलं, कागदाचं खरं सगळ्यांना ठाऊक आहे, हे माहीत नसलेला अख्ख्या गावात एकटा कृषी सहाय्यक होता.

"मग कोणी बोललं का नाही?" मी विचारलं.

"काऊन बोलाचं?" पारबताबाई म्हणाल्या. "भांडणं मिटली. बिळं बुजली. यवढं बेस काम करणारा माणूस फुकटात कुठी भेटते, साहेब? आन् त्याइले बी बरं वाटून राह्यलं होतं. कोणाचं काय गेलं?"

भाऊ हेल्मेट हातात धरून उभे होते. ते घालावं की ठेवावं, हे त्यांना कळत नव्हतं.

पारबताबाई गिरणीच्या माणसाकडे वळल्या. "धुरे फोडाचे नाई. पंधरा दिवसात हातानं कापून देतो. या गटाच्या बायका, त्या गटाच्या बायका, साऱ्या. भाऊ, उद्यापासून वाजवा तुमची शिट्टी. पण चहा पायजे."

तेरा दिवसांत कापणी झाली. सकाळी सातची शिट्टी वाजण्याआधीच बायका विळे घेऊन हजर असत, आणि पुरुषांना लाजेकाजेस्तव यावंच लागे. एकमेकांच्या लग्नाला न जाणारी माणसं एकमेकांच्या बांधीत वाकून कापत होती आणि एकाच किटलीतला चहा पीत होती. भाऊ शेतातून शेतात धावत, ओरडत, विळा लागलेल्याच्या बोटाला चिंधी बांधत, आणि सगळ्यांनी आपल्यासारखी हेल्मेटं घालावीत असा आग्रह धरत. तो कोणीही मानला नाही. गिरणीच्या गाड्या आल्या आणि अकराही शेतांचा माल एकत्र गेला. गिरणीच्या माणसाने जाताना फक्त एवढंच विचारलं, पुढच्या वर्षीचा सौदा आत्ताच करायचा का?

पौषात भाऊंचा निरोप आला, शेतात या. गेलो तर पारबताबाईंच्या आणि भाऊंच्या बांधीमधल्या धुऱ्याजवळ तीन दगडांच्या चुलीवर मडकं चढवलेलं, आणि त्यात मीठ घालून तुरीच्या हिरव्या शेंगा उकडत होत्या. शेंगा त्याच धुऱ्यावरच्या होत्या. पारबताबाईंनी आपली अर्धी बाजू सोडली होती, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी चंद्रपूरच्या मालकाला स्वतः फोन करून झापलं होतं. हा धुरा आता भाऊंचा, यंदाही आणि पुढेही. मी विचारलं, काही लिहून द्यायचं का? भाऊ घाईघाईने म्हणाले, "नको, नको. तुमी काई लिहू नका."

शेंगा शिजल्या. मी सवयीप्रमाणे कापलेल्या धानाच्या खुंटांत उभाच होतो, हातात पिशवी, पायात कार्यालयाचे बूट. भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, धुऱ्यावरची माती झटकली, दुपट्टा नीट पसरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले,

"बसा ना, साहेब. जागा घरचीच आहे."